लहान कुत्र्याच्या डोळ्यांची निगा

पुष्कळ घरांत पाळलेल्या कुत्र्याची आंघोळ हा रविवारचा एक सोहळाच असतो. बादली, तांब्या, साबण, जुना पंचा आणि अंगणभर पळत सुटलेलें ओलें कुत्रें. घरांतलीं सारीं मुलें त्यांत सामील होतात. हा सोहळा महिन्यांतून एकदां, फार तर दोनदां होतो, आणि तेवढाच तो व्हावा. कारण वारंवार साबण लावल्यानें कातडीवरील स्वाभाविक स्निग्धता नाहींशी होते. परंतु एकदां आंघोळ घातली म्हणजे पुढच्या आंघोळीपर्यंत कुत्र्याकडे पाहावयास नको, ही समजूत मात्र चुकीची आहे. अंगाचा निदान एक भाग असा आहे कीं, त्याला रविवारची वाट पाहातां येत नाहीं. तो भाग म्हणजे डोळ्यांच्या भोवतालची, विशेषतः नाकाकडील कोपऱ्याखालची, बोट-दोन बोटें रुंदीची जागा.

पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचें लहान कुत्रें ज्यांच्या घरीं आहे, त्यांना या जागेचें वेगळें वर्णन करून सांगावयास नको. तेथें तांबूस-तपकिरी ओघळ दिसतात. जणूं कोणीं चहा सांडून पुसावयाचें विसरलें आहे. केस चिकटून त्यांच्या कडक काड्या झालेल्या असतात, कोपऱ्यांत चिपडें साठलेलीं असतात, आणि जवळ गेलें तर आंबूस वासहि येतो. घरांतल्या एखाद्याला वाटतें, कुत्रें रडतें आहे. दुसऱ्याला वाटतें, त्याला उष्णता झाली आहे. तिसरा बाजारांतून डाग घालविणारी बाटली घेऊन येतो. या तिघांनींहि खरें म्हणजे अगोदर अश्रूंचा मार्ग समजून घेतला पाहिजे.

डोळा ही कोरडी ठेवावयाची वस्तु नव्हे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् जाड असतो. त्यांत रक्तवाहिन्या नसतात, आणि त्याचें रक्षण व पोषण पुष्कळ अंशीं अश्रूंवरच अवलंबून असतें. अश्रूंचा थर दिसतो पाण्यासारखा, पण तो निव्वळ पाण्याचा नसतो. सर्वांत आंत एक बुळबुळीत स्राव असतो, त्यावर पाणी, आणि पाण्यावर तेलाची अतिशय पातळ साय. हें तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतें. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्या ग्रंथींचें वर्णन केलें, म्हणून त्या आजहि त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. पाणी येतें तें दोन ठिकाणांहून. एक ग्रंथि डोळ्याच्या वरच्या बाजूस असते. दुसरी असते तिसऱ्या पापणीच्या मुळाशीं. कुत्र्याला ही तिसरी पापणी नाकाकडील कोपऱ्यांत दडलेली असते, आणि झोपाळू डोळ्यांवरून ती कधीं कधीं अर्धवट सरकलेली दिसते. तिच्या ग्रंथीचा वाटा लहान नव्हे. एखाद्या पिल्लाच्या कोपऱ्यांतून ही ग्रंथि लाल बोराएवढी बाहेर येते, तेव्हां ती कापून न टाकतां पुन्हां जागेवर बसवून टांके घालतात, तें एवढ्यासाठींच. कापली तर पुढें तो डोळा कोरडा पडण्याचा धोका असतो.

आलेलें पाणी जावयास मोरी हवी. वरच्या व खालच्या पापणीच्या आंतल्या टोकाशीं एकेक सूक्ष्म छिद्र असतें. तेथून निघालेल्या नळ्या एकत्र होऊन अश्रु नाकांत उतरतात. पापण्यांची उघडझाप झाली कीं थोडें पाणी मोरीकडे ढकललें जातें. ही मोरी तुंबली, अरुंद झाली, किंवा तिच्या तोंडाशीं कांहीं आडवें आलें, म्हणजे पाणी गालावरून वाहूं लागतें. डोळ्याला कांहीं टोचत असेल आणि त्यामुळें पाणी नेहमींहून अधिक येत असेल, तरीहि तेंच होतें. गालावरचा ओघळ एक. पण त्याच्या मुळाशीं हीं दोन निरनिराळीं कारणें असूं शकतात, आणि पुढचा सारा विचार या भेदावर उभा आहे.

कुत्रें दुःखानें रडतें, असें मात्र समजूं नये. त्याचें दुःख आवाजांत, शेपटींत आणि न खाल्लेल्या भाकरींत दिसतें. जपानांतील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२२ सालीं एक मौजेची गोष्ट मात्र प्रसिद्ध केली: कांहीं तासांच्या ताटातुटीनंतर धनी परत भेटला, म्हणजे कुत्र्यांच्या डोळ्यांतील पाणी किंचित् वाढतें. परंतु तें पाणी डोळ्यांतच राहतें. त्यानें गाल भिजत नाहींत.

आतां दख्खनच्या माळावर सशामागें धांवणारें कारवान कुत्रें डोळ्यांपुढें आणावें. लांब निमुळतें तोंड, आंत नीट बसलेले डोळे, चेहऱ्यावर तोकडे केस. त्याच्या अश्रूंना नाकांत जावयास सरळ उतरती वाट असते, आणि बुबुळाला घांसणारा केस जवळपास नसतो. त्याचे डोळे पुसावे लागतात, असें त्याच्या धनगर मालकाला कोणीं सांगितलें तर तो हंसेल, आणि तें योग्यच आहे. माणसानें हौसेपायीं हेंच तोंड पिढ्यान्-पिढ्या निवड करून आखूड केलें, तेव्हां पग, पेकिनीज, शिहत्झू यांच्यासारख्या जाति निघाल्या. तोंड आखूड झालें, पण आंतल्या नळीला त्या मानानें जागा राहिली नाहीं. तिला वांक आले. डोळ्यांच्या खोबण्या उथळ झाल्या, म्हणून डोळे पुढें आले. कित्येकांच्या खालच्या पापणीची नाकाकडील कड आंत वळली आणि मोरीचें तोंड दबलें. नाकावरच्या कातडीची घडी पडली, आणि त्या घडीवरचे केस थेट बुबुळाला लागूं लागले. हीं कुत्रीं गोड दिसतात यांत शंका नाहीं. २००३ सालीं एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातींत लहान मुलामागें चालणारा पग दिसला, आणि त्यानंतर मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत तो येऊन बसला. गोड दिसण्याची ही किंमत मात्र त्याचे डोळे भरतात. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१५ सालीं दाखवून दिलें कीं, अशा आखूड तोंडाच्या कुत्र्यांना बुबुळावर जखम होण्याचा संभव इतर कुत्र्यांच्या सुमारें वीसपट असतो. नाकावर घडी असली तर तो घडी नसलेल्यांच्या जवळजवळ पांचपट.

पॉमेरियन, माल्टीज, पूडल यांचें तोंड इतकें आखूड नसतें. त्यांच्या ठिकाणीं बहुधा अरुंद नळी किंवा डोळ्यांत जाणारे केस हें कारण निघतें. आणि पांढरा रंग. काळ्या कुत्र्यालाहि तितकेंच पाणी येतें, फक्त दिसत नाहीं.

डाग तांबूस कां, याचें उत्तर रक्तांत आहे. रक्तांतील तांबड्या कणांची मोडतोड होतांना पोर्फिरीन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांचा मोठा भाग पित्तावाटें बाहेर पडतो. थोडा अश्रूंत आणि लाळेंत उतरतो. केसांवर तो वाळला आणि त्यावर ऊन पडलें कीं रंग अधिक गडद होतो. जें कुत्रें सतत पंजा चाटतें त्याचा पंजा तांबडा होतो, त्याचेंहि कारण हेंच. ओल्या राहिलेल्या केसांत वर यीस्ट वाढलें, म्हणजे वास आणि खाज यांची भर पडते. यावरून एक गोष्ट उघड होते: एकदां रंगलेला केस पुसून पांढरा होत नाहीं. तो वाढून कापला जाईपर्यंत तसाच राहावयाचा. रोजच्या निगेनें नवा केस रंगत नाहीं, आणि कातडी कोरडी व निरोगी राहते, एवढेंच साधतें. पण तें थोडें नव्हे.

हें ठाऊक नसल्यामुळें डाग घालविण्याच्या औषधांचा मोठा बाजार उभा राहिला. त्यांतील कांहीं भुकट्या अन्नांत मिसळून द्यावयाच्या असत, आणि त्यांत टायलोसिन नांवाचें जंतुनाशक घातलेलें असे. २०१४ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें अशा भुकट्या विकणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली. कारण या कामासाठीं तें औषध कुत्र्यांना देण्यास मान्यताच नव्हती. केवळ दिसण्यासाठीं निरोगी जनावराला महिनोन्-महिने जंतुनाशक चारणें हा शहाणपणा म्हणतां यावयाचा नाहीं.

रोजच्या कामाला लागतें तें फारच थोडें. औषधाच्या दुकानांत मिळणारें साधें सलाईन, मऊ जाळीदार पट्टीचे म्हणजे गॉजचे कांहीं तुकडे, एक कोरडें मऊ फडकें आणि बारीक दातांची फणी. कापसाचे सुटे बोळे टाळावेत. त्यांचे तंतु पापण्यांना चिकटून राहतात आणि जें काढावयाचें तेंच आंत जातें. सलाईन नसेल तर पाणी उकळून निववावें आणि एका लिटरास ९ ग्रॅम या प्रमाणांत मीठ विरघळावें. अर्ध्या लिटरास साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमच्याहून थोडें कमी. हें रोज ताजें करावें, आणि उरलेलें फेंकून द्यावें. साठवलेलें घरगुती पाणी हें जंतूंचें घर होतें.

वेळ सकाळची बरी, कारण रात्रभराचीं चिपडें तेव्हां साठलेलीं असतात आणि खिडकीपाशीं उजेड असतो. कुत्र्याला मांडीवर किंवा चटई टाकलेल्या टेबलावर घ्यावें. डावा हात हनुवटीखालीं, अलगद. येथें एक गोष्ट आग्रहानें सांगावी लागते. कुत्रें वळवळतें म्हणून मानेची कातडी मागें खेंचून धरण्याची अनेकांना संवय असते. पुढें आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्याला असें धरणें भयंकर आहे. कातडी मागें ताणली गेली कीं पापण्या ताणल्या जातात, आणि पग किंवा पेकिनीज यांचा डोळा खोबणीबाहेर येण्याचे प्रसंग अशा धरण्यानें घडतात. वळवळलें तर सोडून द्यावें आणि पांच मिनिटांनीं पुन्हां घ्यावें. काम दोन मिनिटांचें आहे. त्यासाठीं कुस्ती कशाला?

प्रथम पाहावें, मग पुसावें. दोन्ही डोळे सारखे उघडे आहेत काय, चकाकी सारखी आहे काय, कालच्यापेक्षां पाणी जास्त आहे काय. मग गॉजचा तुकडा कोमट सलाईनमध्यें भिजवून, पिळून, वाळलेल्या चिपडांवर नुसता टेंकवून धरावा. एक मिनिट, लागलें तर दोन. उतावळेपणा होतो तो येथेंच. कोरडें चिपड नखानें ओढून काढलें म्हणजे त्याच्याबरोबर केस उपटतो, कातडी सोलते, आणि दुसऱ्या दिवसापासून कुत्रें हात जवळ आला कीं तोंड फिरवूं लागतें. भिजून मऊ झालें कीं तें आपोआप निघतें. पुसावयाचें तें डोळ्यापासून दूर, कोपऱ्यांतून खालीं, केस ज्या दिशेनें वाढतात त्या दिशेनें. एका डोळ्याचा तुकडा दुसऱ्या डोळ्याला लावूं नये. एक डोळा बिघडलेला असेल तर चांगला डोळा अगोदर, बिघडलेला नंतर, आणि मग साबणानें हात धुवावे. राहिलेला कचरा फणीनें काढतांना फणी कातडीला समांतर ठेवावी, दात डोळ्याकडे करूं नयेत.

आणि कोरडें करावें. याचा विसर सर्वांत अधिक पडतो. ओलें पुसून तसेंच सोडलेलें कुत्रें न पुसलेल्या कुत्र्याहून फारसें बरें नसतें. पगाच्या नाकावरील घडी बोटानें हळूच उघडून आंतूनहि कोरडी करावी. पावसाळ्यांत, जेव्हां घरांतला पंचाहि दोन दिवस वाळत नाहीं, तेव्हां हें सकाळ-संध्याकाळ करावें. त्या दिवसांत घडींत ओल राहून कातडी लाल झाली आणि माशी बसली, म्हणजे प्रकरण पुसण्याच्या पलीकडे जातें. काम संपलें कीं खाऊचा एक तुकडा द्यावा. चार दिवसांत कुत्रें स्वतः खिडकीपाशीं येऊन बसूं लागतें.

शिहत्झूचे कपाळावरचे केस डोळ्यांवर येऊं न देतां वर बांधावेत, पण इतके घट्ट नव्हेत कीं पापण्या ताणल्या जातील. डोळ्याजवळचे केस कापणें हें जाणत्या माणसाचें काम. घरीं करावयाचेंच तर बोथट टोंकाची कात्री, एकानें डोकें धरलेलें, आणि कात्रीचें टोंक सदैव डोळ्यापासून बाहेर. आंघोळीच्या दिवशीं तोंडाला साबण लावूं नये. ओल्या फडक्यानें पुसणें पुरे होतें.

गुलाबपाणी, दूध, मध, त्रिफळ्याचा काढा, काजळ, हे सर्व घरगुती उपाय मायेपोटीं केले जातात. त्यांपैकीं एकहि डोळ्यांत जावयाच्या लायकीचा नाहीं. त्यांत जंतु असूं शकतात, आणि दूध व मध तर केसांत राहून त्यांना खाद्यच पुरवितात. डाग फिके करण्यासाठीं हायड्रोजन पेरॉक्साइड लावणारेहि आहेत. त्याचा थेंब डोळ्यांत गेला तर बुबुळ भाजतें. बोरिक पावडरचें पाणी पूर्वीं माणसांच्या डोळ्यांना सर्रास वापरीत; कुत्रें तें चाटतें, आणि पोटांत गेलेलें बोरिक विषारी असतें.

पुसण्यानें जें बरें व्हावयाचें नाहीं, तें ओळखणें हा या निगेचा खरा उपयोग. दोन्ही डोळ्यांखालीं वर्षानुवर्षें सारखाच ओघळ आहे, डोळे टवटवीत उघडे आहेत, तर तो बहुधा मोरीचा दोष. एकदां डॉक्टरला दाखवून पुसत राहावें. पण पाणी एकाच डोळ्याला, आणि तेंहि अचानक येऊं लागलें, कुत्रें तो डोळा मिचकावूं लागलें, पंज्यानें किंवा गालिच्यावर तोंड घांसूं लागलें, स्राव पिवळा-हिरवा झाला, बुबुळ धुरकट दिसूं लागलें, तर त्याच दिवशीं डॉक्टरकडे गेलें पाहिजे. डोळ्याच्या खालीं गाल सुजला असेल तर वरच्या दाढेच्या मुळाशीं पू झालेला असण्याचाहि संभव असतो. उलट पाणी कमी आणि चिकट, दोरीसारखें चिपड जास्त, डोळा निस्तेज, असें असेल तर डोळा कोरडा पडत असावा. घरचीं माणसें याला 'घाण फार येते' म्हणून दिवसांतून चारदां पुसतात आणि महिने घालवितात. डॉक्टर कागदाची एक अरुंद पट्टी पापणींत एक मिनिट ठेवतात. ऑटो शिर्मर यानें १९०३ सालीं माणसांसाठीं काढलेली ही युक्ति. निरोगी कुत्र्याची पट्टी १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजते. १० च्या आंत भिजली तर कोरडेपणाचा संशय घ्यावा लागतो. त्यावर सायक्लोस्पोरिनचें मलम आहे. अमेरिकेंत १९९५ सालीं तें कुत्र्यांसाठीं मान्य झालें. बहुधा तें जन्मभर लावावें लागतें, पण पुष्कळ डोळे त्यानें वांचतात.

एका घरीं घडलेली हकीकत या संदर्भांत सांगण्याजोगी आहे. मोती नांवाचा पांढरा-तपकिरी शिहत्झू. त्याचे डोळे घरांतल्या आजी रोज पुसत. एका संध्याकाळीं शाळेंतून आलेली नात म्हणाली, "आजी, मोती डावा डोळा उघडत नाहीं ग." आजींनीं पाहिलें, पाणी होतें, पण पाणी तर नेहमींच असे. त्यांनीं पुसलें आणि त्या स्वयंपाकाला लागल्या. दुसऱ्या दिवशीं डोळा लाल दिसला. कपाटांत आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे थेंब उरले होते. "ह्यांच्या डोळ्याला चालले, त्या मुक्या जिवाला कां नाहीं चालणार?" असें म्हणून त्यांनीं ते दोन दिवस घातले. लाली खरोखरच थोडी उतरली, आणि घरांत सर्वांना बरें वाटलें.

त्या थेंबांत स्टेरॉइड होतें. तें दाह कमी करतें, म्हणून लाली उतरली. पण बुबुळावर जखम असेल तर तेंच औषध ती भरूं देत नाहीं, आणि जखम खोल जाते. चौथ्या दिवशीं बुबुळावर धुरकट ठिपका दिसला, तेव्हां मोतीला दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं डोळ्यांत फ्लुओरेसीनचा थेंब घातला. हा नारिंगी रंग धड पडद्याला धरत नाहीं. जखमेंत मात्र शिरतो आणि निळ्या उजेडांत हिरवा चमकतो. मोतीच्या बुबुळावर मुगाएवढा हिरवा डाग उठला. नाकावरचा एक राठ केस वांकून आंत गेलेला होता, आणि उघडझापीबरोबर तो बुबुळाला घांसत होता.

"आजी, थेंब कोणीं सांगितले?" डॉक्टरांनीं विचारलें. आजींनीं उत्तर दिलें नाहीं. नातीनें पिशवींतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

डोळा वांचला. पंज्यानें घांसूं नये म्हणून मोतीच्या गळ्यांत प्लॅस्टिकचा घोळदार कांठ बसविला, दर थोड्या तासांनीं दुसरे थेंब घालावे लागले; रात्रीं दोनचा गजर लावून आजीच उठत. तीन आठवड्यांनीं जखम भरली, पण त्या जागीं फूल पडलें, आणि तें राहिलें. डाव्या बाजूनें चेंडू टाकला तर मोतीला तो थोडा उशिरां दिसतो. आजी अजून रोज सकाळीं खिडकीपाशीं बसतात. फरक एवढाच कीं, आतां चष्मा लावून अगोदर दोन्ही डोळे पाहातात, नाकावरचे केस बोटानें वर सारतात, आणि मग गॉज भिजवितात.